ज्यानं उचललं त्यानं न्यायचं

"लाकूड कुठून तोडलं?"

"लाकूड नाही साहेब. हा सानू बेठेकर."

वनपाल तायडेनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बैलगाडीत आडव्या ठेवलेल्या सागाच्या फळीकडे. फळीला हळद लावलेली होती, नव्या धोतरात ती गुंडाळलेली होती आणि धोतराबाहेर कोरलेल्या घोड्याचं तोंड तेवढं डोकावत होतं.

"सानू बेठेकर मेला ना बे?"

"म्हणून तर असा दिसतो. जिवंत होता तेव्हा बरा दिसायचा."

नाक्यावरचे दोघे-तिघे हसले. तायडे हसला नाही. त्यानं बाजूला उभ्या असलेल्या पोरगेल्या गार्डला मान हलवून खूण केली. गार्डचं नाव गावंडे. दर्यापूरकडचा, खालच्या सपाटीतला, अंगानं बळकट. तो गाडीवर चढला, त्यानं फळी ओढली आणि उजव्या खांद्यावर घेतली.

"हळू," सुकरती म्हणाली. ती सानूची बायको. "डोकं त्या बाजूला आहे."

गावंडे थांबला. कुणीही दुसरा असता तर शिवी घालून पुढे गेला असता. यानं फळी खाली घेतली, फिरवली, डोकं पुढे करून परत खांद्यावर घेतली आणि रेंज ऑफिसच्या मागच्या खोलीत नेली. तिथं चोरीचा साग रचून ठेवलेला असायचा. थोड्या वेळानं आतून हातोडीचे ठोके ऐकू आले. जप्तीचा माल म्हणून त्यांनी लाकडावर शिक्का मारला आणि घोड्यावर बसलेल्या माणसाच्या छातीवर लाल रंगानं नंबर घातला.

सुकरतीनं प्रत्येक ठोक्याला डोळे मिटले. रडली मात्र नाही.

आम्हा कोरकूंत माणूस मेला की पुरतात, पण तेवढ्यानं त्याचं संपत नाही. पुढे सवडीनं सिडोली करायची असते. सागाचा मुंडा कोरायचा, त्यावर घोडेस्वार, चंद्र, सूर्य काढायचे आणि गावच्या आंब्याखाली बापजाद्यांच्या मुंड्यांच्या रांगेत तो रोवायचा. मग मेलेला आपल्या माणसांत जाऊन बसतो. तोवर तो बाहेरच असतो, कुठंतरी, एकटा.

आमची अडचण अशी की आमचे बापजादे वर राहिले आणि आम्ही खाली आलो. वरचं गाव कुंडीखेडा. ते वाघासाठी उठवलं. आमची वाघाला अडचण होते हे वाघ सोडून सगळ्यांना माहीत होतं. ट्रक आले, आम्हाला खालच्या मुरमाड माळावर आणून ओतलं आणि त्याला नवीन कुंडी असं नाव दिलं. वर जायला बंदी झाली. वर आमचा आंबा, आमचे मुंडे, आमचे मोह.

सानू माझ्या बहिणीचा मुलगा. तो म्हणायचा, "मामा, मोह गळतो तो काय फॉरेस्टला विचारून गळतो?" तो एकटा चोरून जात नसे. बाया-पोरं घेऊन, ढोल वाजवत, उघड जायचा. गार्ड अडवायचे तेव्हा कायद्याचं कलम तोंडपाठ म्हणून दाखवायचा. एका वर्षी मोहाच्या दिवसांत, इतर सगळे तापानं पडलेले असताना, तो टोपली घेऊन एकटाच गेला. तीन दिवसांनी पोलिसांनी त्याला चादरीत आणून दिलं. तलावात बुडाला म्हणाले. त्या दिवसांतला आमचा तलाव म्हणजे म्हैस बसली तर तिची पाठ कोरडी राहील. आम्ही सानूची पाठ उघडी करून वळ बघितले तेव्हा पोलिसानं चादर परत ओढली आणि लवकर पुरा म्हणून घाई केली. फॉरेस्टचं म्हणणं, खात्याच्या एकाही माणसानं त्याला त्या दिवसांत डोळ्यांनी बघितलेलं नाही.

आता खरी गोष्ट पुढे आहे. मुंडा नुसता कोरून चालत नाही. माणूस जिथं पडतो तिथं त्याचा जीव बसून राहतो. भूमका, म्हणजे आमचा पुजारी, तिथं जातो, घरच्या बाईला हाक मारायला लावतो, तिथली मूठभर माती उचलतो आणि ती मुंड्याच्या बुडाशी घालतो. मगच लाकडात माणूस येतो. आणि सानू कुठं पडला हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

"मग मुंडा कशाला नेतेस?" मी सुकरतीला विचारलं होतं.

"नेऊ तर, मामा. जंगलात एकेका दगडापाशी हाक मारीन. कुठंतरी ओ देईलच."

जप्तीनंतर अख्खी नवीन कुंडी रेंज ऑफिससमोरच्या पळसाखाली येऊन बसली. घोषणा नाही, फलक नाही. बाया जेवणाच्या वेळेला भाकरी घेऊन मागच्या खोलीच्या खिडकीशी जायच्या, गजांतून भाकरी ठेवायच्या आणि सानूशी बोलायच्या.

"सानू, जेव. आज आंबाडीची भाजी आहे."

"तुझी शेळी व्याली रे. दोन पिल्लं, दोन्ही पाटी."

"तुझ्या मेव्हण्यानं परत दारू पिऊन छपरावर झोप काढली. आता तू नाहीस तर त्याला उतरवायचं कुणी?"

ऑफिसातला कारकून कंटाळला. म्हणाला, मला हिशेब करता येत नाही, सारखं वाटतं की आतून कुणी उत्तर देईल.

मी मात्र तायडेच्या माणसांत जाऊन बसायचो. चहा मिळायचा. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला कुलूप नसतं आणि माझ्या तर दारच नव्हतं. मी त्यांना आमच्या आजोबांची गोष्ट सांगितली. एक अस्वल मोह खाऊन झिंगून आजोबांच्या अंगणात पडलं. आजोबांनी त्याला खाटेवर घालून चार माणसांकडून जंगलात पोचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाट दारात परत. वर सुतळी सैल झाली होती ती अस्वलानं ताणून घेतलेली.

"काहीही फेकता बुवा तुम्ही," तायडे म्हणाला, पण चहा आणखी दिला.

मग विषय सानूवर आणला. म्हटलं, "ज्याची सिडोली झाली नाही तो मेलेला फार त्रास देतो. दारात येऊन मागत बसतो. कुणी विस्तव मागतं, कुणी मीठ. आमचा सानू येऊन बिडी मागत असणार. बिडीशिवाय त्याचं पान हलायचं नाही."

सगळे हसले. गावंडे खिडकीकडे पाठ करून बसला होता. तो खाली बघतच बोलला, "बिडी नव्हता पेत थो."

खरंच नव्हता पीत. बापाचा दमा बघून त्यानं तोंडाला लावली नव्हती. पण हे त्याच्याजवळ बसल्याशिवाय कळायचं नाही. तायडेनं गावंडेकडे असं पाहिलं की तो कप तसाच ठेवून उठून गेला. मी चहा संपवला, आणखी एक अस्वल झिंगवलं आणि उठून पळसाखाली येऊन बसलो. कुणाला काही बोललो नाही.

पुढे एक पेपरवाला आला. त्यानं खिडकीतून फोटो काढला: घोडा, स्वार आणि छातीवरचा लाल नंबर. फोटो छापून आला आणि मोठ्या साहेबाची जीप आली. साहेब शहाणा होता. त्याला जंगल कळत नव्हतं, पेपर कळत होता. म्हणाला, "घेऊन जा तुमचा देव. दिवसाउजेडी जा, मोजकी माणसं जा, आमची माणसं सोबत राहतील. रोवा आणि परत या."

लोक उठले. कुणीतरी ढोलावर थाप मारली. सुकरती बसूनच राहिली.

"आता काय झालं?" साहेबानं विचारलं.

"लाकूड नेऊन काय करू साहेब? माझा माणूस कुठं पडला तेवढं सांगा. मग लाकूडसुद्धा तुम्हीच ठेवा."

"बाई, रिपोर्टमध्ये आहे ना. तलावात."

"तलावाला हाक मारली मी. कितीदा मारली. तिथं कुणी नाही."

ढोल गप्प झाला. साहेब घड्याळाकडे बघायला लागला. गावंडेनं मुंडा बाहेर आणून पायरीला टेकवून ठेवला होता आणि तो तिथून सरकायला बघत होता.

मी उठलो. हात जोडले. म्हणालो, "साहेब, आमची एक रीत आहे. मुंडा ज्यानं पहिल्यांदा उचलला त्यानंच जागेवर न्यायचा. मधे खांदा बदलायचा नाही. वाटेत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही आणि त्याच्या पुढं कुणी चालायचं नाही. आम्ही सुताराच्या घरून हातावर आणला, गाडीत ठेवला. खांद्यावर पहिल्यांदा घेतला तो या गार्डसाहेबानं. आता आम्ही कुणी हात लावला तर आमच्या घरातला आणखी एक जाईल."

साहेबानं भूमक्याकडे पाहिलं. आमचा भूमका लालमन, तोंडात दात नाही, डोळ्यांत मोतीबिंदू. "खरं आहे का हे?"

लालमननं माझ्याकडे तोंड केलं. त्याला मी दिसत नव्हतो, पण तो बराच वेळ बघत राहिला.

"खरं आहे," तो म्हणाला. "रीत आहे."

"साहेब, दुसऱ्या कोणालेही पाठवा," गावंडे म्हणाला. "माही तब्येत बरी नाई."

"अरे घे रे. देव आहे, पुण्य लागेल." साहेबाला जीपमध्ये बसायची घाई होती. "तायडे, तुम्ही सोबत जा. संध्याकाळच्या आत मला हे मैदान मोकळं पाहिजे."

तायडे काही बोलायला गेला, पण तोवर जीप सुरू झाली होती.

आम्ही निघालो. पुढे गावंडे, मुंडा उजव्या खांद्यावर, डोकं पुढे. त्याच्यामागे भूमक्याचा हात धरून सुकरती. मग मी, मग आमची चार माणसं आणि सगळ्यात मागे तायडे. ऊन चढलेलं. सागाची मोठाली पानं वाळून वाटेवर पडलेली, त्यांच्यावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज. त्याखेरीज काही नाही. मी जन्मात इतका वेळ गप्प राहिलेलो नाही.

जुना रस्ता गवतात बुडाला होता तरी पायांना कळत होता. एक टेकडी, मग नाला, नाल्यानंतर सरळ गेलं की कुंडीखेडा. नाल्याच्या अलीकडे गावंडेची मान घामानं निथळत होती. एरवी दोन माणसांचं ओझं सहज नेणारा गडी, आणि एका मुंड्याखाली त्याचे गुडघे वाकत होते. सागाची फळी ती, वाळलेली. तिला मी स्वतः हातानं उचललेलं होतं. तिच्यात तेवढं वजन नव्हतं.

नाला ओलांडला. गाव सरळ. आंब्याचा शेंडासुद्धा दिसायला लागला होता.

गावंडे डावीकडे वळला.

"अबे, तिकडं कुठं?" मागून तायडे ओरडला.

"बोलायचं नाही," मी म्हणालो.

"गावंडे! सरळ चाल!"

गावंडे ऐकत नव्हता. किंवा दुसरंच काही ऐकत होता. करवंदीच्या जाळीतून तो असा गेला की काट्यांनी बाही फाटली तरी कळलं नाही. जाळीमागे गार्डांची जुनी झोपडी होती, पत्रा उडालेली. झोपडीपुढे एक अंजनाचं झाड. खोडाला, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर, साल घासून गुळगुळीत झालेली. दोर घासतो तशी.

तिथं तो थांबला.

कुणी काही विचारलं नाही. रीतच तशी ठरली होती. वारा नव्हता. झाडावर वानरं होती, तीसुद्धा हलत नव्हती. गावंडेनं खांद्यावरचा मुंडा दोन्ही हातांनी धरला होता आणि त्याचे ओठ हलत होते. आवाज मागाहून आला.

"पाणी मांगे थो."

"गावंडे, तोंड बंद कर," तायडे म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"सारखा पाणी मांगे. तायडेसाहेब म्हने, आधी लिहून दे की पुन्हा नाई येत. थो म्हने, येईन. पुन्हा मारलं की पुन्हा म्हने, येईन. म्या नाई मारलं काकू. म्या फक्त पाय धरले होते."

आमच्या चौघांतला एक तायडेच्या अंगावर धावला. लालमननं हातातली काठी आडवी केली. दिसत नसूनही नेमकी त्याच्या छातीवर. "आधी सानू," तो म्हणाला. "बाकीचं मागून."

सुकरती पुढे गेली. अंजनाच्या बुडाशी बसली. हातानं पालापाचोळा दूर केला, जशी झोपलेल्या माणसाच्या तोंडावरची चादर सारतात. जमिनीला कपाळ लावून तिनं हाक मारली. मोठ्यानं नाही. घरात हाक मारतात तशी, जेवण वाढलेलं असताना.

"सानू. चल. उशीर झाला."

मी खूप गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्यांत मेलेली माणसं ढिगानं बोलली आहेत. त्या दिवशी कुणी बोललं नाही. फक्त गावंडे एकदम ताठ झाला, खांद्यावर कुणीतरी चढून बसल्यासारखा, आणि त्याच्या तोंडून कण्हणं निघालं. लालमननं मूठभर माती उचलली, सुकरतीनं ती पदरात बांधली.

"आता ने त्याला," ती गावंडेला म्हणाली.

त्यानं नेला. आंब्यापर्यंत. तिथं मुंडे तसेच रांगेत उभे होते, कुणाला वाळवी, कुणाची मान कललेली. घरांच्या जागी नुसते चौथरे, एका परसात लिंबाचं झाड फळांनी वाकलेलं, तोडायला कुणी नाही. गावंडेनं स्वतः खड्डा खणला. लालमननं बुडाशी ती माती घातली आणि मुंडा रोवला. सानूच्या छातीवरचा नंबर सुकरतीनं दगडानं घासायला घेतला आणि मग थांबली. म्हणाली, "राहू दे. पुढच्यांना दिसू दे." तो लाल रंग अजून आहे.

परतताना ती माझ्याबरोबर चालत होती.

"मामा, ही रीत कुणाची? माझ्या माहेरी नाही. सासूबाईंनीही कधी सांगितली नाही."

"माझी," मी म्हणालो. "पळसाखालून उठता उठता केली."

"ते मला तिथंच कळलं." थोडं चालून गेल्यावर तिनं विचारलं, "मग तो जड कसा झाला?"

उत्तर सुचलंच नाही. मला सुचलं नाही असं त्या भागात कुणी मानणार नाही.

आम्ही सातजणांनी पोलिसात जबाब दिले. मोर्चा निघाला, तायडे आत गेला, जामिनावर बाहेर आला, खटला उभा राहिला. तालुक्याच्या कोर्टात गावंडे म्हणाला की त्या दिवशी मला ताप होता, मी काय बडबडलो ते आठवत नाही. तिथून पुढे नुसत्या तारखा. पण एक झालं. पुढच्या मोहाच्या दिवसांत आम्ही ढोल वाजवत वर गेलो आणि नाक्यावर कुणी अडवलं नाही. आजही जातो. आणि आमच्याकडे आता मुंडा खांद्यावर घेणारा वाटेत खांदा बदलत नाही. पोरं म्हणतात, जुनी रीत आहे.

मधे किती वर्षं गेली मोजली नाहीत. एका दुपारी सुकरती आणि मी ओट्यावर वाळलेला मोह निवडत होतो. लाल मातीच्या रस्त्यानं एक माणूस आला. उजवा खांदा इतका खाली गेलेला की तो हात गुडघ्याला लागत होता. मी ओळखलं नाही. तिनं ओळखलं, पण हात थांबवला नाही.

"राम राम बाबा," तो म्हणाला. "मी गावंडे. नोकरी सोडली."

"बस."

तो बसला. मग म्हणाला, "डॉक्टर म्हनतेत हाड बरं हाय, शीर बरी हाय. फोटोत काईच दिसत नाई. पन थो उतरला नाई बाबा. झोपलो तरी वजन रायते. तुमच्या लोकायत उतरवाची काही रीत असंलच ना? कोंबडं, नारळ, काय लागंल थे देतो."

कोंबड्याची रीत माझ्या जिभेवर तयार होती. काळं कोंबडं, अमावास्या, नाल्याचं पाणी. एका वाक्याचं काम. माणूस समोर बसून रडत असला की माझं मन पातळ होतं. मी तोंड उघडलं.

"रीत आहे," सुकरती म्हणाली. मोहातली काडी तिनं वेचून बाजूला टाकली. "कोंबडं नको. जिथं चार माणसांसमोर नाही म्हणालास, तिथंच चार माणसांसमोर परत उभं राहायचं. कोण होतं, कुणी बांधलं, कुणी मारलं, कुणी पाय धरले, एकेकाचं नाव घ्यायचं. शेवटचं नाव घेतलं की तो उतरतो."

गावंडे माझ्याकडे वळला. त्यानं बाहीनं डोळे पुसले. "खरं हाय का हे, बाबा?"

सुकरतीनं वर पाहिलं नाही. तिची बोटं तेवढी मोहात थांबली.

"आमच्या आजोबांच्या आजोबांपासून आहे," मी म्हणालो.

मग त्यानं विचारलं, तालुक्याची बस केव्हा असते.

"आजची गेली," सुकरती म्हणाली. "उद्या सकाळी आहे."

तो ओट्यावरच राहिला, भिंतीला न टेकता.